डॉक्टरांना त्रास नको

दवाखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. फरशी पुसणाऱ्या, रोग्याला धरून टेबलावर चढवणाऱ्या, बाळंतिणीची चादर बदलणाऱ्या बाईला दवाखान्यात मावशीच म्हणायचं असतं, त्यामुळे त्यात कौतुकाचं काही नव्हतं. पण ह्या गावात मावशी म्हटलं की तीच एकटी डोळ्यांसमोर येई. तिच्या सख्ख्या भाच्यांनासुद्धा तिला हाक मारताना आपण नंबर लावून बसलोय असं वाटत असावं.

गाव घाटाच्या माथ्यावर होतं, रस्ता जिथे संपतो तिथे. दवाखाना म्हणजे चार खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत दोन लांब बाक, आणि मागच्या अंगणापलीकडे डॉक्टरांचं क्वार्टर. दवाखान्याची साफसफाई ही मावशीची नोकरी. क्वार्टर झाडणं आणि डॉक्टरांचा स्वयंपाक करणं नोकरीत नव्हतं. ते तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं, कारण पोटाचे हाल झाले की डॉक्टर लवकर जातो हे तिनं पाहिलं होतं.

एवढ्या वर कुणी आपणहून येत नसे. म्हणून सरकारनं भत्ता लावला होता. पगारावर आणखी निम्मा पगार, राहायला फुकट, आणि तीन वर्षं काढली की पुढच्या शिक्षणाला आधी नंबर. त्यापुढे आणखी तीन वर्षांची सही केली तर डॉक्टर होण्यासाठी काढलेलं सगळं कर्ज माफ. अशी दुसरी सही केलेला डॉक्टर गावानं अजून पाहिला नव्हता. पहिली तीन वर्षं पुरी करणारेही थोडेच. एकानं दीड वर्षात आपली बॅग कधी रिकामीच केली नाही. कपडे बॅगेतून काढी, धुवून वाळले की पुन्हा बॅगेत घडी करून ठेवी. कपाटात मावशीनं अंथरलेला कागद होता तसा कोरा राहिला. दुसरा सोमवारी दुपारी उगवे आणि शुक्रवारी सकाळी त्याच्या डोक्यात कळ येई; ती कळ घाट उतरल्याशिवाय थांबत नसे.

तिसरा चांगला होता, म्हणून गावानं त्याला जगू दिलं नाही. चांगला आहे म्हटल्यावर जो तो उठला आणि त्याच्या दारात गेला. तो जेवत असला तरी, दाढी करत असला तरी. कुणी आपली बकरी दूध देईना म्हणून तिला घेऊन आलं. कुणी बायको माहेरी गेली, झोप लागत नाही, असं सांगत त्याच्या पलंगावर बसलं. एकदा तर त्याच्या अंघोळीच्या खोलीच्या खिडकीतून एका म्हाताऱ्यानं आत हात घातला आणि म्हणाला, "तेवढी नाडी बघा." मुदत संपायच्या आधीच त्यानं सामान बांधलं. भत्ता परत भरावा लागला तो भरला. जाताना किराणा दुकानात हिशेब चुकता करायला थांबला तेव्हा दुकानदार अप्पांना म्हणाला, "राहायचे पैसे देतात हो मला. पण तुम्ही राहू कुठे देता?"

अप्पांनी ते वाक्य मनात धरून ठेवलं. कारण पुढची जवळजवळ दोन वर्षं दवाखान्यात एक सिस्टर आणि मावशी, एवढ्याच होत्या. त्या काळात घाटाच्या वळणांवर, दुसऱ्याच्या गाडीत, खालच्या दवाखान्यात नेताना तीन माणसं गेली. त्यात अप्पांची सून होती, आणि तिच्या पोटातलं बाळ. अप्पा गावच्या समितीचे अध्यक्ष होते. त्यानंतर ते फार बोलेनासे झाले, पण जे बोलत ते कुणी मोडत नसे.

नवी डॉक्टर येणार असं पत्र आलं तेव्हा त्यांनी दुकानातच सगळ्यांना बोलावलं. साखरेच्या पोत्यांवर, तेलाच्या डब्यांवर माणसं बसली. अप्पा म्हणाले, "बाई आहे. लग्न झालेली आहे. नवरा शहरात बँकेत आहे. म्हणजे पाय तिकडेच ओढणार. सरकार देतं ते सरकार देईल. आपण काय देणार ते बोला."

वर्गणी निघाली. क्वार्टरला रंग दिला, गरम पाण्याची टाकी बसवली, नवी गादी आणली. पडदे शिवायचं काम मावशीच्या नवऱ्याकडे आलं. तो शिंपी. गाव त्याला मास्तर म्हणे. बाजाररस्त्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांतली पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट सदरे, आणि जमिनीवर चिंध्यांचा ढीग, तो मावशी रोज उचले आणि रोज पुन्हा होई.

"फुलाफुलांचे कशाला शिवताय?" मावशी म्हणाली. "साधे शिवा. शिकलेल्या बायकांना साधं आवडतं."

"तू किती शिकलेल्या बायका पाहिल्यास?"

"तुमच्यापेक्षा जास्त. दवाखान्यात आहे मी."

"मग तू शीव," मास्तर म्हणाला आणि फुलांचं कापड सरळ कात्रीखाली घेतलं. "माझ्या पडद्यावर डॉक्टरीण टिकली तर गावानं मला भत्ता द्यायचा, सांगून ठेव अप्पांना."

पडदे आणि गादी झाली. पण खरा ठराव वेगळाच होता, आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. डॉक्टरांना त्रास द्यायचा नाही. ऊठसूट जायचं नाही, जेवणाच्या वेळी जायचं नाही, रविवारी तर त्या फाटकाकडे फिरकायचंच नाही. आणि कोण जाण्यासारखं आहे, कोण नाही, हे ठरवायचं मावशीनं. कारण पडवीत सगळ्यांच्या आधी तीच असे.

मावशीनं ते काम जीव लावून केलं. बाकावर माणूस टेकला की ती फडकं खांद्यावर टाकून समोर उभी राही.

"काय होतंय?"

"पोट दुखतंय गं."

"काल लग्नात किती जेवलीस?"

"तू कधीपासून डॉक्टर झालीस, मावशी?"

"डॉक्टर आत आहे. ती राहावी असं वाटतं ना? मग घरी जाऊन ओवा चावून खा, आणि उद्या दुखलं तर ये."

बाई कुरकुरत उठे. पण उठे. ताप असेल त्याला सिस्टर गोळ्या देई, जखम सिस्टर बांधे. आत डॉक्टरबाईंपर्यंत जाणारी माणसं दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हळूहळू लोक बाकापर्यंत येण्याआधी मावशीच्या घरी येऊ लागले. "मावशी, हे दाखवण्यासारखं आहे का, बघ जरा." कुणी अंडी आणून दिली, कुणी भाजी. मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणे, "आज सहा पेशंट झाले तुझे. फी लावायला हवी." मावशी हसे, पण तिला ते आवडत असे हेही खरं. आयुष्यभर दुसऱ्याचं रक्त पुसलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं.

डॉक्टरबाई तिशीच्या होत्या. उंच, हळू बोलणाऱ्या. आल्या त्याच संध्याकाळी त्यांनी पुस्तकं मांडली आणि रिकामी बॅग माळ्यावर टाकली. मावशीनं घरी येऊन सांगितलं, "ही राहील." पहिले काही महिने त्या सकाळी लवकर पडवीत येऊन उभ्या राहत. मग टेबलाशी बसून वाचू लागल्या. मग औषधांचं कपाट लावून झालं, पुन्हा लावून झालं. कधी त्या विचारत, "मावशी, इथली माणसं आजारी पडली की जातात कुठे?"

"इथली माणसं काटक आहेत, मॅडम," मावशी अभिमानानं सांगे.

"घाटाखाली खासगी डॉक्टरकडे जातात का?"

"छे हो. कोण एवढं खाली जातंय."

डॉक्टरबाई मान हलवत आणि पुन्हा पुस्तकात बघत. मावशीला वाटे, किती निवांत आहेत. असं निवांत माणूस कशाला सोडून जाईल?

तिसरं वर्ष निम्मं सरलं तेव्हा दुसऱ्या सहीची गोष्ट निघाली. उत्तर दोन महिन्यांत द्यायचं होतं. डॉक्टरबाईंचे यजमान आणि सासूबाई एका रविवारी येणार, जागा बघणार आणि मग काय ते ठरणार, असं सिस्टरकडून कळलं. ते ऐकून अप्पा स्वतः मावशीच्या घरी आले. कधी येत नसत.

"रविवारी दवाखान्याच्या फाटकात मला चिटपाखरू दिसता कामा नये," ते म्हणाले. "त्या सासूला असं वाटलं पाहिजे, की आपली सून इथे विश्रांतीला आली आहे."

"मी बघते, अप्पा."

"तूच बघायचंस. मी आता ह्या वयात आणखी कुणाला घाटातून न्यायचा नाही."

तो सगळा आठवडा मावशीच्या तोंडी तेच होतं. काय रांधायचं, कुठली ताटं काढायची, सासूबाईंना पायऱ्या चढताना हात कोण देणार. मास्तर म्हणाला, "तुझ्या स्वतःच्या सासूसाठी एवढी धावली असतीस तर माझी आई शंभर वर्षं जगली असती." मावशी म्हणाली, "तुमच्या आईच्या हातात गावाचा डॉक्टर थोडाच होता."

रविवारी पाहुणे वेळेवर आले. मोठी पांढरी गाडी फाटकाशी उभी राहिली. सासूबाई जाडजूड, बोलक्या, गुडघ्यांनी बेजार. पडदे चिमटीत धरून म्हणाल्या, "शिवण छान आहे." मावशीला वाटलं, अर्धं काम झालं. तिनं स्वयंपाकघरात ताटं पुसायला घेतली, आणि तेवढ्यात मागच्या दारात तिची नणंद दिसली. नणंद विधवा, भावाकडेच राहणारी, स्वभावानं भित्री. दाराच्या आत पाऊल न टाकता ती कुजबुजली, "वहिनी, दादाचा हात उचलत नाहीये. कात्री गळून पडली. तोंडपण कसंतरी झालंय."

मावशीनं भाजीखालचा जाळ बारीक केला आणि चप्पल न घालता घरी गेली. रस्ता जवळचा होता. मास्तर मशीनच्या खुर्चीतच होता, एका अंगाला कललेला. उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्याच कुणाचा ठेवल्यासारखा. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता. गेल्या वर्षी एकदा त्याचा हात असाच बधिर झाला होता आणि चहा होईपर्यंत मोकळाही झाला होता. तेव्हाही तिनं डॉक्टरबाईंना सांगितलं नव्हतं. हातावर झोपला असाल, म्हणाली होती.

"बोलावू का मॅडमना?" तिनं विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळे शुद्धीवर होते, नेहमीचेच. जीभ जड झाली होती. फार कष्टानं तो म्हणाला, "पाहुणे... जाऊ दे."

खरं म्हणजे तिला तेच ऐकायचं होतं. तिनं आणि नणंदेनं मिळून त्याला आत नेऊन गादीवर निजवलं. डोक्याखाली उशी दिली, घोटभर पाणी पाजलं. त्याला ठसका लागला, पाणी गळ्यावर ओघळलं, ते तिनं पदरानं टिपलं. "पडून राहा. आले मी," ती म्हणाली. "वन्सं, कुणाला बोलू नका." आणि ती क्वार्टरकडे परत गेली, कारण भाजी लागली असती.

जेवण छान झालं. सासूबाईंनी भात दोनदा मागून घेतला. डॉक्टरबाईंचे यजमान खुर्ची मागे सरकवून हसत बायकोला म्हणाले, "मजा आहे तुझी. बसायचा पगार घेतेस, आणि वर बसायचा भत्ता."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. ताटात बोट फिरवत म्हणाल्या, "अडीच वर्षांत मी काय शिकले होते ते विसरत चाललेय. लोक येतच नाहीत माझ्याकडे. काय चुकलं कळत नाही. विश्वास नाही बसला त्यांचा."

मावशी वाढत होती. तिनं ते शब्द ऐकले, पण त्या वेळी ते तिच्या आत शिरले नाहीत. तिचं निम्मं लक्ष घरच्या गादीशी होतं आणि निम्मं सासूबाईंच्या वाटीशी. जेवणं झाल्यावर पाहुणे निघतील असं तिनं धरलं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, जरा पाठ टेकते. पाठ टेकून उठल्या तो चहा झाला. चहा झाल्यावर त्यांना मागचं अंगण बघायचं होतं. मावशी त्यांचा हात धरून अंगणात फिरली. फाटकातून पांढरी गाडी दिसत होती. ड्रायव्हर मागच्या सीटवर झोपला होता. मावशीला एकदा वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, एवढं धरून ठेवलं ते थोडक्यासाठी कशाला घालवायचं.

ऊन उतरल्यावर गाडी गेली. डॉक्टरबाई फाटकात उभ्या राहून हात हलवत होत्या. मावशी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, आमच्या ह्यांना जरा बघाल का? सवडीनं."

"काय होतंय?"

"हात उचलत नाही. तोंड जरा वाकडं वाटतंय."

डॉक्टरबाई चालू लागल्या, मग धावू लागल्या. घरात शिरून त्यांनी मास्तरचे दोन्ही हात उचलून बघितले. उजवा सोडला तसा पडला. पापण्या वर केल्या, तळपायावर किल्ली ओढली, बीपी घेतलं. "कधीपासून आहे हे?"

मावशीनं त्याची चादर सारखी केली. नणंद भिंतीशी उभी होती, तीच म्हणाली, "दुपारपासून. तुमची पानं वाढायच्या आधीपासून."

डॉक्टरबाईंनी मावशीकडे एकदाच पाहिलं. मग फोन काढून नवऱ्याला लावला. गाडी खालच्या वळणापर्यंत पोचली होती, ती परत फिरली. सासूबाई उतरून मावशीच्या ओट्यावर बसल्या आणि ज्या सीटवर त्या बसल्या होत्या तिथे मास्तरला आडवं घातलं. डॉक्टरबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मावशी त्याच्या पायाशी टेकली. संध्याकाळी घाट उतरताना यजमान एकदा म्हणाले, "गाडी दिवसभर दारातच तर होती." त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं, पण मावशीला ते पुढे कित्येक महिने ऐकू येत राहिलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. गुठळी विरघळवणारं एक इंजेक्शन असतं, ते काही तासांच्या आतच देता येतं, म्हणाले. दुपारी आणलं असतं तर देऊन पाहिलं असतं. उपयोग झालाच असता असं नाही, पण देऊन पाहिलं असतं.

मास्तर वाचला. उजवा हात मात्र गेला, आणि बोलणं चार-पाच शब्दांवर आलं. घरी आणल्यावर मावशी कामावर गेली त्या दिवशी डॉक्टरबाई क्वार्टरच्या स्वयंपाकघरात स्वतः चहा करत होत्या. मावशी पुढे झाली तशी त्या म्हणाल्या, "बसा. मला एक सांगा. मला का बोलावलं नाहीत?"

"पाहुणे होते, मॅडम."

"तुमचा नवरा होता तो."

"त्यांनीच सांगितलं, पाहुणे जाऊ दे म्हणून." आणि मग, एकदा तोंड उघडलं म्हणून, मावशीनं सगळंच सांगितलं. आधीचा डॉक्टर, त्याची नाडीवाली खिडकी, अप्पांची सून, दुकानातला ठराव, बाकावरून परत पाठवलेली माणसं. सांगताना तिला वाटत होतं, आपली बाजू समजेल. सांगून झालं तेव्हा डॉक्टरबाईंच्या चेहऱ्याकडे बघून तिला पहिल्यांदा भीती वाटली.

"म्हणजे लोक आजारी पडत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना येऊ देत नव्हता."

"तुम्ही राहावं म्हणून."

"मी काय कपाटात ठेवायची चिनी मातीची बरणी आहे का, मावशी? इथं कुणालाच माझी गरज नाही असं वाटून मी जायला निघाले होते. त्या रविवारी नवऱ्याला तेच सांगत होते मी."

मावशीला ताटात फिरणारं बोट आठवलं. चहा उतू गेला. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं गावभर निरोप दिला, ज्याला काय होत असेल त्यानं यावं. आधी कुणी आलं नाही. मग आले ते थांबेनात. साखर वाढलेली माणसं, दोन-दोन वर्षं खोकणारी माणसं, छातीत गाठ लपवून बसलेली एक बाई. तिला मावशीनंच एकदा म्हटलं होतं, दूध साठलं असेल, शेक घे. डॉक्टरबाईंनी तिला शहरात पाठवलं, शस्त्रक्रिया झाली. ती परत आल्यावर रस्त्यात मावशीला भेटली. भांडली नाही. नुसती बाजूनं निघून गेली. पुढे तिच्या घरची अंडी आली नाहीत, आणि हळूहळू कुणाचीच आली नाहीत.

अप्पा मात्र चिडले. "सांगितलंस कशाला तिला? आता रोज रांग. कंटाळून जाईल ती."

"ती तशीही जाणार होती, अप्पा."

"कशावरून?"

मावशीनं सांगितलं. अप्पा मापट्यानं तांदूळ उकरत राहिले, गिऱ्हाईक नसताना. मग म्हणाले, "आपण तर चांगलंच करायला गेलो होतो ना?"

"हो," मावशी म्हणाली.

डॉक्टरबाई दुसरी सही करतील असं पुढे सगळ्यांना वाटू लागलं होतं. त्यांनी केली नाही. शेवटच्या महिन्यात त्या मास्तरला बघायला आल्या. तो डाव्या हातानं काज करायचा प्रयत्न करत होता. त्यांनी कापड धरून ठेवलं, त्यानं सुई ओवली, दहा वेळा चुकून. मावशीनं त्यांना दारापर्यंत सोडताना विचारलं, "आधीपासून असं काम असतं, तर राहिला असतात?"

"खरं सांगू? माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित राहिले असते. कदाचित तो आधीचा डॉक्टर पळाला तशी पळालेही असते. पण मास्तरांचा हात राहिला असता बहुतेक."

त्या गेल्यावर चार महिने क्वार्टर बंद होतं. मग नवा आला. पोरगेलासा, कानात वायर घालून चालणारा. पहिल्याच दिवशी त्यानं सिस्टरला विचारलं, इथला भत्ता महिन्याच्या कितव्या तारखेला जमा होतो. त्याच संध्याकाळी अप्पांनी दुकानात माणसं बोलावली. ह्या वेळी मावशीलाही बसायला डबा दिला.

"ह्या वेळी नीट करू," अप्पा म्हणाले. "अगदीच बंद नको. पण वेळ ठरवून देऊ. आणि मावशी बाकाशी बघेल. काय मावशी?"

"मी बघणार नाही."

"मग कोण बघणार?"

"तो बघेल. त्याचेच पैसे देतात त्याला."

मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यालाही पळवणार तू."

"पळू दे," मावशी म्हणाली. ती ओरडली नाही, उठलीही नाही. "ह्याच्या आधीचे सगळे गेले, हाही जाईल. सहा महिने राहील नाहीतर सहा वर्षं. असेल तोवर डॉक्टर असायला नको का? गादी मी झाडीन, जेवायला मी घालीन. पण दारात उभी राहून कुणाला परत पाठवायची नाही. एकाला त्या दारापर्यंतही येऊ दिलं नाही, तो माझ्या घरात आहे."

अप्पांनी मान खाली घातली. ठराव झाला नाही. माणसं पांगली.

पुढच्याच आठवड्यात नवा डॉक्टर क्वार्टरमध्ये जेवायला बसला होता. पहिला घास हातात होता. मावशी पडवीत डोकावून आली, तर बाकावर पिठाच्या गिरणीचा मालक बसलेला, छातीवर हात चोळत. "गॅस असेल, मावशी," तोच म्हणाला. "जेवू देत त्यांना. मी थांबतो."

"चल आत," मावशीनं त्याचा दंड धरला, टेबलावर निजवलं, आणि क्वार्टरच्या दारात जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, छातीत दुखतंय एकाला."

त्यानं घास ताटात ठेवला. "जेवूसुद्धा देत नाहीत का इथे?"

"देते. आधी त्याला बघा."

तो कपाळाला आठ्या घालून गेला. मशीन लावून छातीची पट्टी काढली, दोनदा वाचली, पोट दाबून बघितलं. परत आला तेव्हा भात निवला होता. "गॅसच होता, मावशी," तो म्हणाला. "एवढ्यासाठी उठवलंत."

"गॅसच ना? बरं झालं," मावशी म्हणाली. तिनं त्याच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं. "बाहेर अजून दोघं आहेत. या बघून. भात मी गरम करते."